डीपीत आरक्षण पडलेली जमीन: १४ वर्षे थांबलात, आता कलम १२७ की टीडीआर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत वडिलोपार्जित ४० गुंठे जमीन. मंजूर विकास योजनेत, म्हणजे डीपीत, तिच्यावर 'खेळाचे मैदान' असं आरक्षण. योजना लागू होऊन १४ वर्षे झाली, पण पालिकेने जागा घेतली नाही की रुपयाही दिला नाही. घर बांधायला परवानगी मागितली तर आरक्षणाचं कारण देऊन नाकारली. सातबारावर दोन भाऊ आणि दोन बहिणींची नावं आहेत. एक एजंट म्हणतो टीडीआर घ्या (म्हणजे जमीन पालिकेला देऊन त्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), गावातले वकील म्हणतात नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस द्या, शेजारी म्हणतात नोटरीवर गुंठे पाडून विकून मोकळे व्हा. त्यात सुधारित डीपीचं सर्वेक्षण सुरू झाल्याचं कानावर आलंय. तुमचे शब्द: 'सरकारला माझी जमीन अशी फुकट अडकवून ठेवता येते का, आणि मी आता काय करू?'

अडकवता येते, पण ठरावीक काळापर्यंतच. गोम अशी की तो काळ आपोआप संपत नाही. तो संपवायला मालकाने लेखी पाऊल उचलावं लागतं. '१० वर्षे झाली की आरक्षण उठतं' हे चावडीवरचं ज्ञान आहे, कायदा तसं म्हणत नाही. १० वर्षे झाली की तुम्हाला नोटीस देण्याचा हक्क मिळतो, एवढंच. तुम्ही चार वर्षांपूर्वीच नोटीस द्यायला हवी होती, पण ते झालं गेलं.

आरक्षणाने तुमचं नेमकं काय गेलं, ते आधी पाहू. मालकी गेलेली नाही. सातबारा तुमच्याच नावावर आहे, ऊस लावा नाहीतर सोयाबीन, कोणी विचारणार नाही. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४६ प्रमाणे बांधकाम परवानगी देताना पालिकेला विकास योजना विचारात घ्यावीच लागते. त्यामुळे खिडकीवरचा बाबू तुमची अडवणूक करत नव्हता, त्याच्या हातातच काही नव्हतं. बँक अशा जमिनीवर कर्ज द्यायला नाखूश, आणि गिऱ्हाईक आलंच तर निम्म्याने मागणार. जमीन तुमची, तिचं मोल मात्र गोठलेलं.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला, पण अनुच्छेद ३००-अ मध्ये तो घटनात्मक हक्क म्हणून शिल्लक आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येत नाही. मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची फोड केली. नोटीस मिळणं, म्हणणं ऐकून घेतलं जाणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, वाजवी मोबदला, प्रक्रिया वेळेत होणं आणि ती शेवटाला जाणं, हे सगळं त्यात येतं. नोव्हेंबर २०२४ चा नऊ न्यायमूर्तींचा निकालही तुमच्यापर्यंत व्हॉट्सॲपवर पोचला असेल. तो मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी जादा कर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या वादातून आला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही, असं त्यात बहुमताने म्हटलं आहे. निकाल महत्त्वाचा, पण त्याने तुमच्या मैदानाचं आरक्षण उठत नाही. तो फॉरवर्ड घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे जाऊ नका.

तुमचं काम कलम १२७ करेल. अंतिम विकास योजना लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन समझोत्याने घेतली नाही, किंवा संपादनाची घोषणा राजपत्रात आली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची. नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा त्यासाठीचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे संपलं, असं मानलं जातं. ही मुदत मूळ कायद्यात फक्त ६ महिने होती. २००९ मध्ये ती १२ महिने केली, २०१५ मध्ये २४. दुरुस्त्या करताना वेळ वाढला तो पालिकेचा, मालकाच्या पदरात काही पडलं नाही. १० वर्षे झोपलेल्या यंत्रणेला जागं व्हायला आणखी दोन वर्षे कशाला लागतात, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

आता नोटिशीचं बोलू. निम्मी प्रकरणं इथेच बिघडतात.

पहिली गोष्ट तारीख. १० वर्षे प्रारूप योजना, म्हणजे कच्चा मसुदा, प्रसिद्ध झाली तेव्हापासून धरायची नाहीत, शासनाने अंतिम मंजुरी दिलेली योजना ज्या दिवशी अमलात आली तेव्हापासून धरायची. तो दिनांक राजपत्रातल्या अधिसूचनेतच लिहिलेला असतो. यात एक खाच आहे. पुष्कळ शहरांच्या योजना तुकड्यांत मंजूर होतात. काही भाग आधी, आणि ज्यात मोठे बदल सुचवले ते 'वगळलेले भाग', म्हणजे ईपी, नंतर वेगळ्या अधिसूचनेने. तुमचा गट नंबर ईपीत असेल तर तुमचं घड्याळ उशिरा सुरू झालं. म्हणून 'चौदा वर्षे झाली' हे तोंडी हिशोबावर सोडू नका. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, अधिसूचनेची प्रत मिळवा आणि तारीख डोळ्यांनी वाचा. भाग नकाशा यासाठीही लागतो की आरक्षण अख्ख्या ४० गुंठ्यांवर आहे की २८ वर, आणि उरलेल्यातून डीपी रस्ता जातो का, हे त्याशिवाय कळत नाही. रस्ता जात असेल तर नोटिशीत त्याचाही स्वतंत्र उल्लेख करा. मैदानाचं आरक्षण उठून रस्त्याची पट्टी तशीच अडकून राहिल्याची प्रकरणं मी बघितली आहेत.

दुसरी गोष्ट सह्या. चौघांची नावं असतील तर चौघांच्या सह्या. 'ताईचं काय, ती सही करेलच नंतर' असं चालत नाही. एका बहिणीने पुढे हरकत घेतली तर पालिकेचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो. बहीण परगावी असेल तर तिच्याकडून मुखत्यारपत्र घ्या. वडिलांनंतर वारसनोंद राहिली असेल तर आधी फेरफार करून घ्या. २०१५ च्या दुरुस्तीपासून नोटिशीसोबत हक्काची कागदपत्रं जोडणं कायद्यातच लिहिलं आहे. ती नसली की पालिका शेवटच्या महिन्यात 'आपली नोटीस अपूर्ण आहे' असं पत्र काढते आणि तुमची दोन वर्षे वादात जातात. चालू सातबारा, आठ-अ, जमीन तुमच्याकडे कशी आली हे दाखवणारे सगळे फेरफार, मोजणीची क-प्रत, झोन दाखला, भाग नकाशा, आणि परवानगी नाकारल्याचं पत्र, हे सगळं जोडा आणि नोटिशीच्या तळाशी त्यांची यादी क्रमांकाने द्या.

मजकूर साधा असावा. 'गट क्रमांक अमुक ही मिळकत आमच्या मालकीची असून ती मंजूर विकास योजनेत खेळाचे मैदान, आरक्षण क्रमांक अमुक, यासाठी आरक्षित आहे. सदर योजना अमुक दिनांकापासून अंमलात असून १० वर्षांत मिळकत संपादित झालेली नाही. सबब कलम १२७(१) अन्वये ही नोटीस देण्यात येत आहे.' बस. 'आमच्यावर घोर अन्याय झाला आहे' अशी तीन पानं जोडणारे वकील असतात, त्याचा उपयोग शून्य. 'आरक्षण उठवावे ही नम्र विनंती' असंही लिहू नका. तो अर्ज होतो, नोटीस होत नाही.

नोटीस मुख्याधिकाऱ्यांना द्यायची. आरक्षण पालिकेऐवजी दुसऱ्या खात्यासाठी असेल, समजा पोलीस ठाणं किंवा सरकारी दवाखाना, तर त्या खात्यालाही द्यायची. मैदान पालिकेचंच असतं, पण झोन दाखल्यावर समुचित प्राधिकरण, म्हणजे ज्याच्यासाठी जागा राखली ती यंत्रणा, म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. आवक-जावक टेबलावर स्वतः जा, तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का पुसट उमटला तर दुसरा मारून मागा, लाजू नका. शिवाय तीच नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही पाठवा. २४ महिने मोजले जातील ते या तारखेपासून.

यानंतर काय होतं ते सांगतो. बहुतेक वेळा काहीच होत नाही. मग मुदत संपायला दोन-तीन महिने राहिले की सर्वसाधारण सभेत ठराव येतो: 'सदर जागा शहराच्या दृष्टीने आवश्यक असल्याने संपादनाचा प्रस्ताव मा. जिल्हाधिकारी यांच्याकडे पाठवण्यात यावा.' तुम्हाला त्याची प्रत येते, सोबत 'कार्यवाही सुरू आहे' असं पत्र. मालक घाबरतो, आता गेली जमीन. घाबरू नका. गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ठराव करणं किंवा प्रस्ताव पाठवणं हे कलम १२७ मधलं पाऊल ठरत नाही. संपादनाची रीतसर घोषणा निघाली पाहिजे. २०१३ साली श्रीरामपूर नगरपरिषदेच्या खटल्यात न्यायालयाने तेच पुन्हा सांगितलं. अशी घोषणा काढायची तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे पैसे तयार लागतात. शहरी भागात बाजारमूल्य आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट. बहुतेक नगरपरिषदांच्या तिजोरीत तेवढं नसतं. आणि खरोखर पैसे आले, तर वाईट काय झालं? बाजारभावाच्या दुपटीचा धनादेश हातात पडत असेल तर नोटीस फळाला आलीच म्हणायची.

२४ महिने कोरडे गेले की कायद्याने आरक्षण संपलं. पण कागदावर ते दिसत नाही. कलम १२७(२) प्रमाणे शासनाने तसा आदेश राजपत्रात प्रसिद्ध करायचा असतो, आणि तो आल्याशिवाय नगररचना सहायक नकाशाला हात लावत नाही. नगरविकास विभागाकडे अर्ज करा, पाठपुरावा करा, नाही हललं तर उच्च न्यायालयात रिट याचिका. कागद नीट असतील तर या याचिका फार गुंतागुंतीच्या नसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, जागा ३३ वर्षे अडकवून ठेवल्याबद्दल, यंत्रणेला चांगलंच सुनावलं आहे. तुमच्या वकिलांना तो निकाल माहीत असेलच.

आता घाई कशाची, ते सांगतो. डीपी साधारण २० वर्षांनी सुधारली जाते. तुम्ही म्हणता तसं सर्वेक्षण सुरू झालं असेल, तर पुढे प्रारूप येईल, हरकती-सूचना होतील, मग मंजुरी. नवी योजना लागू झाली आणि तिच्यात तुमच्या गटावर तेच मैदान कायम राहिलं, आणि तोवर तुम्ही नोटीसच दिलेली नसेल, तर १० वर्षे नव्याने मोजायची पाळी येते. सर्वोच्च न्यायालयाची यावरची भूमिका मालकांना अनुकूल नाही. उलट नोटीस देऊन मुदत आधीच संपली असेल, तर तुमचा हक्क पक्का झालेला असतो आणि नुसत्या फेरआखणीने तो जात नाही. पालिताणा शुगर मिलच्या २००३ च्या निकालाचा, गुजरातच्या कायद्यावरचा असला तरी, इथे आधार घेतला जातो. म्हणजे तुमची शर्यत सुधारित योजनेच्या मंजुरीशी आहे. नोटीस या महिन्यात द्या. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतही वेगळी नोंदवा आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. नोटीस दिली आहे म्हणून हरकत सोडायची असं करू नका.

गावातल्या वकिलांनी कलम ४९ सांगितलेलं दिसत नाही. तिथे १० वर्षे थांबायची अट नाही. परवानगी नाकारली गेली आणि जमीन वाजवी फायद्याच्या वापराला नालायक झाली, किंवा आरक्षणामुळे कमी भावातच विकावी लागते आहे, असं दाखवता आलं तर 'जमीन विकत घ्या' अशी खरेदी सूचना थेट राज्य शासनाला देता येते. सहा महिन्यांत निर्णय झाला नाही तर ती मान्य झाली असं धरलं जातं, आणि मान्यतेनंतर वर्षभरात संपादनासाठी अर्ज झाला नाही तर आरक्षण व्यपगत. ऐकायला हे १२७ पेक्षा जलद. प्रत्यक्षात शासन चौकशी करून सूचना फेटाळू शकतं, आणि 'वाजवी फायदा' या दोन शब्दांवर खल होतो. तुमची १० वर्षे झालेलीच आहेत, तुम्ही १२७ नेच जा. ज्यांची पाच-सहा वर्षेच झाली आहेत त्यांनी ४९ चा विचार करावा.

टीडीआरवाल्या एजंटाचं काय? तो खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही विशेष प्राधिकरणं सोडून राज्यभर लागू असलेल्या एकत्रित नियमावलीत, दाट वस्तीबाहेरची आरक्षित जागा पालिकेला दिली तर क्षेत्राच्या दुप्पट टीडीआर मिळतो. ४० गुंठे म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, त्यावर ८,०९४. पण हा टीडीआर वापरताना दोन्हीकडच्या जमिनींच्या रेडीरेकनर दराचं, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाचं, गुणोत्तर लागतं. तुमचा दर ४,००० रुपये आणि जिथे तो वापरायचा तिथला ८,००० असेल, तर हातात ४,०४७ च उरतात. जागा निर्वेध, सपाट करून आणि कुंपण घालून द्यावी लागते, तो खर्च तुमचा. अतिक्रमण असेल तर आधी ते काढा.

याहून मोठा प्रश्न: तुमच्या गावात टीडीआर घेणार कोण? तो त्याच पालिकेच्या हद्दीत खपवावा लागतो. पुण्या-ठाण्यात बिल्डर रांगेत उभे असतात. जिथे चार मजल्यांच्या वर कोणी जात नाही आणि मूळ एफएसआयच (भूखंडावर किती बांधता येतं ती मर्यादा) पुरत नाही असा एकही प्रकल्प नाही, तिथे टीडीआरचं विकास हक्क प्रमाणपत्र कपाटात पडून राहतं आणि जमीन मात्र पालिकेच्या नावावर गेलेली असते. तुमच्या पालिकेत गेल्या वर्ष-दोन वर्षांत किती टीडीआर प्रत्यक्ष वापरला गेला, ते माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर 'निरंक' आलं तर एजंटाला चहा पाजून वाटेला लावा. मोठं शहर असतं तर मी कदाचित उलटा सल्ला दिला असता, कारण तिथे तीन-चार वर्षे कोर्टात घालवण्यापेक्षा टीडीआरचे पैसे लवकर सुटतात.

आरक्षण उठलं तरी मिळणार काय, याचाही हिशोब आत्ताच करा. कायद्याचे शब्द असे की व्यपगत झाल्यावर जमीन 'लगतच्या जमिनीला अनुज्ञेय' अशा विकासासाठी मोकळी होते. आजूबाजूला रहिवास विभाग असेल तर तुम्हाला रहिवास. चारही बाजूंनी हिरवा पट्टा असेल तर तुम्हीही शेतीच करायची, आणि मग दोन वर्षांची लढाई कशासाठी, हे आधी ठरवलेलं बरं. एक बारकावा: ०.४० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या रेखांकनात, म्हणजे प्लॉट पाडताना, १० टक्के खुली जागा सोडावी लागते. तुमचे ४० गुंठे त्या रेषेवरच बसलेत. मोजणीत क्षेत्र किती भरतं यावर ४०० चौरस मीटरचा फरक पडेल, म्हणून मोजणी आधी करून घ्या.

मी मालकांच्या बाजूने उभा राहतो म्हणून आरक्षणच नको असं माझं म्हणणं नाही. मैदानं, शाळा, बागा आपोआप उगवत नाहीत. पुण्यात प्रभात रस्त्यावर प्राथमिक शाळेसाठी राखलेला भूखंड आरक्षण बदलून निवासी इमारतीला मोकळा करून दिला गेला, ते प्रकरण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं आणि तो बदल बेकायदाच ठरला. तिथे नुकसान वस्तीतल्या पोरांचं झालं होतं. माझा आक्षेप नकाशा रंगवण्याच्या सोपेपणावर आहे. आरक्षण टाकताना पालिकेला एक पैसा दाखवावा लागत नाही, म्हणून हात सैल सुटतो. पुण्याच्या समाविष्ट २३ गावांतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर जैवविविधता उद्यान म्हणून आरक्षित झालं. टेकड्या वाचायला हव्यात यावर दुमत नाही. पण मैदानाच्या जागेला दुप्पट टीडीआर आणि टेकडीच्या जागेला ८ टक्के, असा मोबदला ठरला. मग मालक पुढे येत नाहीत, पालिकेच्या ताब्यात जागा येत नाही, आणि टेकडीवर रात्रीतून पत्र्याची शेड उभी राहते. मोबदला कंजूषपणे ठरवला की टेकडीही वाचत नाही.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल एवढंच. नोटरीवर गुंठा विकलात तर मालकी हस्तांतरित होत नाही. घेणारा घर बांधतो, ते अनधिकृत ठरतं. कलम १२७ ची नोटीस द्यायला लागणारी निर्विवाद मालकी तुम्ही स्वतः गढूळ करून ठेवता, आणि टीडीआरचाही रस्ता बंद होतो. आरक्षित जागेवरची गुंठेवारी पुढेमागे नियमित होईल या भरवशावर राहू नका. तोवर जमीन कसत राहा, पीकपाहणी लावून घ्या, तारेचं कुंपण घाला. गावातली मुलं तिथे क्रिकेट खेळत असतील तर खेळू द्या, पण पालिकेने गोलपोस्ट रोवले, मुरूम टाकला किंवा फलक लावला तर त्याच आठवड्यात लेखी हरकत घ्या आणि फोटो काढून ठेवा. नाहीतर पुढे 'जागा आमच्या ताब्यातच आहे' असं शपथपत्र येतं.

पहिलं काम उद्याच करा: झोन दाखला, भाग नकाशा आणि राजपत्राची प्रत यांसाठी अर्ज द्या. बहिणींना फोन आजच लावा, कारण उशीर कार्यालयापेक्षा बऱ्याचदा घरातच होतो. अधिसूचनेतली तारीख आणि लगतच्या गटांचा विभाग कळला की इथे लिहा. जमीन वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कात कुळाचा नाहीतर जुन्या नागरी कमाल धारणा कायद्याचा शेरा असेल तर तेही सांगा, मग नोटिशीआधी काही पायऱ्या वाढतील.